पोटाची साक्ष

१

सरिता वानखडेवर आळ आला तो लोकांची शी बदलल्याचा.

हसू नका. आधी तिलाही हसूच आलं होतं. पण नागपूरच्या संस्थेत मुळावकर सरांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला आणि तिचं हसू जागच्या जागी जिरलं. मेडशी गावातून आणलेले नमुने माझ्या निष्काळजीपणामुळे बदलले गेले, हे मी मान्य करते, असा मजकूर टाइप होऊन तयार होता. खाली तिचं नाव होतं आणि सहीसाठी कोरी जागा होती.

प्रकरण असं होतं. मधुमेहाची जी मोठी पांढरी गोळी आज घरोघरी पोचली आहे, मेटफॉर्मिन, ती नुसती रक्तातली साखर उतरवून गप्प बसत नाही. आपल्या आतड्यात जंतूंचं अख्खं गाव वसलेलं असतं आणि ही गोळी त्या गावाची घडी बदलते. काही जाती बळावतात, एखादी जवळजवळ हद्दपार होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीचा थोडा गुण त्या उलथापालथीतूनच येत असावा, असं जाणकारांना वाटतं. ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण खाणाऱ्या वऱ्हाडी पोटात हे कसं घडतं, ते सरिताला पाहायचं होतं. म्हणून तिने मेडशीतले दोन गट घेतले. एक गोळी घेणाऱ्यांचा आणि दुसरा गोळी सोडून दौलतरावांच्या अंगणातला कडू काढा पिणाऱ्यांचा.

निकाल आला आणि दोन्ही गटांची पोटं सारखीच निघाली. गोळी सोडलेल्यांच्या पोटातही गोळीच्या खुणा! त्या गटातली दोन माणसं तेवढी कोरी होती.

"नमुन्यांची अदलाबदल झालीय," मुळावकर सर म्हणाले. सरिताचं सगळं संशोधन त्यांच्या हाताखाली चालायचं, त्यामुळे त्यांचं म्हणणं म्हणजे निम्मा निकालच होता.

"सर, अदलाबदल झाली असती तर तिकडचं इकडे आलं तसं इकडचं तिकडेही गेलं असतं. गोळीवाल्यांच्या डब्यांत कोरं पोट सापडायला हवं होतं. एकही सापडलं नाही."

सर खुर्चीत सरसावून बसले. हुशार माणूस, पण हुशार माणसाला चूक दाखवली की तो ती सुधारण्याऐवजी मोठी करतो, त्यातली गत. "मग तू दोन्ही गटांचे डबे एकाच गटाकडून भरून आणलेस. फिरायचा कंटाळा आला असेल. असल्या ठिकाणच्या कामात हे व्हायचंच."

"असल्या म्हणजे कसल्या, सर?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "सोमवारी सही करून आण. निष्काळजीपणा म्हणून मिटवू. नाहीतर चौकशी बसेल आणि तिथे त्याला फसवणूक म्हणतात. मग तुझं नाव कुठल्याच प्रयोगशाळेत चालणार नाही."

सरिताच्या आजोबांनी वाशीमच्या त्यांच्या घरात एक गोष्ट पक्की रुजवली होती. न पटलेल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. घरात आता अंगठ्याऐवजी सह्या होत होत्या, एवढाच फरक पडला होता. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उभी राहिली.

"सही मिळणार नाही, सर. खरं काय ते मिळेल."

२

खरं काय ते तिला अजून माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ती पहिल्यांदा भेटली ऋषिकेशला. नमुन्यांचे बर्फातले डबे मेडशीहून वाशीमला एसटीने नेण्याचं काम या मदतनिसाकडे होतं. बिचारा आधीच त्या कामाला वैतागला होता. एकदा कंडक्टरने डब्यात श्रीखंड आहे का म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून याच्यासाठी अख्खं बाकडं रिकामं करून दिलं.

"ताई, मी बदलून करू काय?" ऋषिकेश कळवळून म्हणाला. "ते डबे मी उघडून पाहीन असं तुमाले वाटते तरी कसं?"

ते मात्र तिला पटलं. शिवाय हिशेब सरळ होता. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिने स्वतः लावल्या होत्या आणि माणसाच्या हातातून डबा घेतानाच लावल्या होत्या. डबे खरे, तपासणी खरी. मग राहता राहिली माणसं. गोळी सोडली म्हणून छाती फुगवून सांगणारे काढ्यावाले घरी जाऊन गुपचूप गोळी गिळत असणार. एवढं सोपं असेल तर तोडगाही सोपा. एकाने जरी कबूल केलं तरी तिची सुटका होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दौलतरावांच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि तिथल्या वीस-पंचवीस माणसांना तिने तोंडावर विचारलं, "तुमच्यापैकी कोन कोन चोरून गोळी घेऊन राह्यलं?"

अंगणात असा गलका उठला, की झाडावरचे कावळे उडाले.

३

दौलतराव म्हणजे मेडशीतलं मोठं प्रस्थ. माजी सरपंच, भरपूर जमीन, मिशा त्याहून भरपूर. गेल्या दिवाळीत त्यांनी मधुमेहाची गोळी सोडली आणि पुतण्या हरीओमने केलेल्या चूर्णाचा काढा सुरू केला. जांभळाच्या बिया, कारलं, मेथी, कडुनिंब. साखर उतरलेलीच राहिली. मग काय, अर्धं गाव आपापला पेला घेऊन सकाळी या अंगणात येऊ लागलं. दौलतरावांची सून राखी मोठ्या गंजात, उभ्या पातेल्यात, काढा उकळायची आणि प्रत्येकाला ओगराळ्याने वाढायची.

"काय म्हनता बाई?" दौलतराव गरजले. "माह्या अंगनात येऊन मलेच खोटं पाडता? हरीओम, बरनी आन रे!"

हरीओमने घरातून लोणच्याची चिनी मातीची उंच बरणी आणली. लोक काशीला जाऊन एखादी आवडती भाजी सोडून येतात ना, तशी इथे गोळी सोडायची पद्धत पडली होती. दवाखान्यातल्या सपना सिस्टर दर महिन्याला गोळ्या द्यायच्या. घेतल्या नाहीत तर त्यांना राग येतो, त्यांचा तरी मान कशाला मोडा, म्हणून सगळे निमूटपणे घ्यायचे. आणि पाकीट सोलून इथे बरणीत आणून टाकायचे. असला भिडस्तपणा आमच्याच मुलखात सापडायचा.

"सगळ्याइच्या गोळ्या हितं पडून हायेत. एक बी गोळी कोनाच्या तोंडात गेली असंल तं मी मिशी उतरवून देतो," दौलतराव म्हणाले. "अन् तुमाले गावात बोलावलं कोनं? मीच ना? सिस्टर मले येड्यात काढे. म्हटलं, येऊ द्या नागपूरची म्याडम, तपासू द्या पोटं. दूध का दूध, पानी का पानी."

बाकीच्यांनीही शपथा घेतल्या. कुणी मारोतीची, कुणी लेकराची. काढा सुरू केल्यावर सगळ्यांचं पोट काही दिवस बिघडलं होतं, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. "मालक म्हने, आंगातली साखर निंगून राह्यली!"

हरीओम बोटांनी केस सारखे करत पुढे आला. चूर्णाच्या पुड्या मालेगावच्या बाजारात विकणारा तोच. "म्याडम, रविवारी मालेगावात मेळावा हाय. काकाजी भाषन देनार, हजार लोकं तिथंच गोळी सोडनार. तुमच्या तपासनीचा कागद भेटला तं बरं, नाई भेटला तरी आमचं काम अडत नाई."

हजार लोकं. सरिताने तो आकडा मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. पण या माणसांच्या डोळ्यांत तिला खोट दिसत नव्हती, आणि तीच तर पंचाईत होती. चोरून गोळी घेणारा माणूस पहिल्यांदा खाली पाहतो. इथे सगळे तिच्याकडे रोखून पाहत होते.

ती निघाली तेव्हा राखी मोरीवर गंज घासत बसली होती. मान वर न करता तिने हळूच विचारलं, "ताई, हे नाई सुटलं तं तुमचं काम जाईन काय?"

"काम तं जाईनच. नाव बी जाईन."

राखीचा घासता हात थांबला. मग तिने जोरजोरात पुन्हा घासायला सुरुवात केली, गंज कधीचा लख्ख झाला होता तरी.

४

ज्या दोघांची पोटं कोरी निघाली होती, त्यांतली एक सोजरबाई. गावाच्या कडेला एकटी राहणारी, गळ्यात तुळशीची माळ, जीभ कोयत्यासारखी. तिनेही दिवाळीतच गोळी सोडली होती.

"मी त्या अंगनातलं कायी पेत नाई," तिने पहिल्याच वाक्यात निकाल दिला.

"पन तुमी तं काढ्याच्या गटात होत्या ना, माय?"

"होती. आताबी हाव. हरीओमच्याच पुडीतलं चूर्न घेतो, पन माह्या घरी, माह्या चुलीवर उकळून. तथी गेली होती एक दिवस. पेला तोंडाशी नेला अन् उबळ आली. मासोळीचा वास येये वं!"

"मासोळीचा?"

"हो. आमी माळकरी मानसं. मासोळीची टोपली रस्त्यानं गेली तरी आमाले कळते. मी राखीले म्हटलं, तुह्या गंजात काल काय शिजवलं होतं? ते म्हने, कारल्याचा वास असंल. दौलतराव तं फिदीफिदी हासले. म्हने म्हातारीले सोवळं चढलं. बाकीचे समदे खानारे-पेनारे, त्याइले काय वास येनार!"

सरिता बसल्या जागेवरून उठलीच. तिला तो वास ओळखीचा होता. प्रयोगशाळेत मेटफॉर्मिनची बाटली उघडली, की असाच एक मंद, मासळीसारखा दर्प नाकाशी येतो. नवखी पोरं नाक मुरडतात आणि जुनी त्यांना हसतात.

म्हणजे कुणीही खोटं बोलत नव्हतं. ही माणसं गोळी घेत नव्हती. गोळी त्यांना पाजली जात होती! कारल्या-निंबाच्या कडूपणात तिची कडू चव कुणाला लागणार?

आणि हरीओमवर तिचा जो पहिला संशय होता, तोही इथेच गळाला. पुडी त्याची. त्याने तिच्यात भेसळ केली असती, तर त्याच पुडीचं चूर्ण घेणाऱ्या सोजरबाईच्या पोटातही खुणा उमटल्या असत्या. चूर्ण स्वच्छ होतं. जे काही होत होतं ते दौलतरावांच्या घरात होत होतं, चुलीपासून पेल्यापर्यंतच्या वाटेत.

निघताना तिचं लक्ष सोजरबाईच्या पायाकडे गेलं. घोट्यावरची जखम चिघळलेली होती.

"हे कधीचं?"

"दिवाळीपासून. भरतच नाई मेलं."

तिच्या पोटात नुसता काढाच जात होता, आणि तो काढा काय करू शकत नाही ते तिच्या पायावर लिहिलेलं होतं. सरिताने तिला त्याच पावली दवाखान्यात नेऊन सपना सिस्टरच्या हवाली केलं. सोजरबाई वाटभर भांडत होती.

५

दुसरा कोरा माणूस गुलाबसिंग राठोड. जवळच्या तांड्यावरचा, वयस्कर, सावकाश बोलणारा. याने सगळाच घोळ करून ठेवला होता. कारण हा रोज त्याच अंगणात, त्याच माणसांत बसून काढा प्यायचा आणि तरी याच्या पोटात गोळीची खूण नव्हती.

"तुमी खरंच पेता ना, भाऊ? का झाडाले घालता?"

"पेतो म्हनजे? दौलतरावसमोर कोन न पेऊन राहीन?" गुलाबसिंग हसला. "पन मले राखीबाई अलग देते. लहान गंजातून. म्हने काका, तुमाले जास्त कडू सोसनार नाई. मी कायले नाई म्हनू?"

"तुमची गोळी कोनं बंद केली होती? दौलतरावनं?"

"छ्या! त्याच्या कितीतरी आधी. अकोल्याच्या डॉक्टरनं. म्हने तुमची किडनी कमजोर हाय, हे गोळी तुमाले चालनार नाई. दुसरं औषध लिहून देल्लं, ते घेतो. अंगनात सगळ्याइच्या समोर सांगतलं होतं मी. कोनी ध्यानच देल्लं नाई."

कुणीतरी दिलं होतं.

सरिता तडक दौलतरावांकडे गेली. ते सुपारी कातरत ओसरीवर बसले होते. तिने एकच मागणी केली. बरणी पालथी करा.

"कायले?"

"तुमच्या मिशीसाठी," ती म्हणाली.

दौलतरावांना ते लागलं, आणि तिला तेच हवं होतं. वर्तमानपत्र अंथरलं गेलं. बरणी पालथी झाली. पिवळ्या, गुलाबी, बारीक बारीक गोळ्यांचा ढीग कागदावर पडला. सरिताने तो बोटाने पसरवला, पुन्हा पसरवला. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. साखर एकदम खाली आणणाऱ्या बारीक गोळ्या होत्या. प्रत्येक माणूस दर महिन्याला जी आणून टाकत होता, ती मोठी पांढरी गोळी औषधालाही नव्हती.

"पांढऱ्या कुठी गेल्या?" दौलतरावांचा अडकित्ता हातातच राहिला. तो चेहरा नाटकी नव्हता. सरिताने त्यांच्यावरचाही संशय तिथेच पुसून टाकला. तसाही तो लंगडाच होता. स्वतः काढ्यात गोळ्या घालणारा माणूस प्रयोगशाळेला स्वतःहून घरी बोलावत नाही.

"उंदरानं खाल्ल्या असतीन," हरीओम म्हणाला.

"पांढऱ्या निवडून खानारा उंदीर लय शिकलेला दिसते," सरिता म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होती. मघापासून दाराआड उभी असलेली राखी आता तिथे नव्हती.

६

राखी मागच्या गोठ्यात होती. पळून गेली नव्हती. गाईला कुटार टाकत होती.

सरिता खांबाला टेकून उभी राहिली. "मी सांगतो, तू चूक असंल तिथं टोक. काढ्यात गोळी पडते ते तुह्या चुलीवर. ते टाकनाऱ्याले गोळ्या ओळखता येतात, कारन त्यानं फक्त एकच जात उचलली. अन् गुलाबसिंगले ते चालत नाई हे त्याच्या ध्यानात हाय. पैशासाठी करनारा असता तं एका म्हाताऱ्याच्या किडनीची काळजी करत लहान गंज वेगळा ठेवला नसता. लग्नाआधी काय शिकली होतीस, राखी?"

"डी.फार्म.," राखी म्हणाली. तिने कुटाराची पाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदा सरळ पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "पैल्या नंबरानं. मेडशीत मेडिकल टाकायचं होतं मले. मामाजी म्हने, आपल्या घरच्या सुना दुकानात बसत नाईत. बसली मंग चुलीपाशी."

"अन् चुलीपाशीच दुकान उघडलं."

"मंग काय करू? माह्या माहेरी, धनजले, माह्या बापानं अशीच कोनाच्या तरी सांगन्यावरून गोळी सोडली होती. पाय काटावा लागला त्याचा, गुडघ्यापासून. मी मामाजीले सांगतलं ते. हासले. म्हने, तुह्या बापानं पथ्य पाळलं नसंल. ताई, समोर बसून हासनाऱ्या मानसाले मी मरू देऊ? त्याइच्याच गोळ्या त्याइलेच देल्ल्या. गंजात मोजून टाकल्या, अन् ज्याची जेवढी तेवढीच जाईन असं ओगराळं मोजून वाढलं. बारीक गोळ्याइले हात नाई लावला. न सांगता त्या देल्ल्या अन् एखाद्यानं जेवन टाळलं, तं मानूस जागेवर पडते. वीस-पंचवीस मानसं मी सांभाळून राह्यली. मले लाज नाई वाटत त्याची."

सरिताला तिचं कौतुक वाटलं, आणि संतापही आला. दोन्ही एकदमच.

"तू सांभाळलं हे खरं. पन त्याइच्या तोंडात त्याइले न इचारता औषध घातलं, हेबी खरं. मले न इचारता माह्या नावानं कागद लिहिला, तं मी पेटून उठली. त्याइनं काहून उठू नये?"

"इचारलं असतं तं पेले असते काय?"

"नसते पेले. पन आता पाय, तुह्या गोळीनं काढा मोठा झाला. रविवारी मालेगावात हजार लोकं गोळी सोडतीन. त्याइच्या घरी कुठी राखी हाय?"

राखीने पाटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. या प्रश्नाने तिची झोप आधीच उडवलेली असणार, हे सरिताला दिसलं. गाय कुटारात तोंड घालून निवांत चघळत होती. त्या गोठ्यात सुखी तेवढी तीच.

"मी तुहं नाव घेनार नाई," सरिता म्हणाली. "तुह्या आडून मले सुटायचं नाई. पन त्या कागदावर सहीबी करनार नाई, मंग होऊ दे काय व्हायचं ते."

७

रविवारी सकाळी अंगणाबाहेर जीपगाड्या उभ्या होत्या. दौलतरावांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, हरीओमने पुड्यांची खोकी टपावर बांधली होती. निघण्याआधी सगळे नेहमीसारखे पेले घेऊन बसले. राखी गंज घेऊन आली. तिने तो मधोमध ठेवला आणि ओगराळं हातात घेतलंच नाही.

"आज ह्याच्यात गोळी नाई," ती म्हणाली. "कालपरेंत होती."

आणि तिने सगळं सांगितलं. एका दमात, पदर न सावरता.

गलका व्हायला वेळ लागला, पण झाला तेव्हा गल्लीतली माणसं गोळा झाली. एकाने पेला आपटला. एक बाई रडायला लागली. हरीओम, आपला धंदा बसला हे सगळ्यांत आधी ओळखून, तोंडाला येईल ते बोलत होता. दौलतराव मात्र हातातल्या रिकाम्या पेल्यात पाहत होते.

"मले इचारलं काहून नाई?" अखेर ते म्हणाले.

"सांगतलं होतं, मामाजी. तुमी हासले होते."

दौलतरावांनी मिशीवर हात फिरवला, आणि तो तिथेच ठेवला. मग त्यांची नजर सरितावर गेली. "तुमी कायले उभ्या हा बाई? भेटलं ना तुमाले पाह्यजे ते. जा, लिहा तुमच्या साहेबाले."

"नाई भेटलं अजून," सरिता पुढे आली. "हे नमुने तुमच्या पोटाचे हायेत. गोळी सोडलेली मानसं म्हनून तुमी ते मले देल्ले. आता गोष्टच बदलली. जे खरं घडलं ते तुमच्या परवानगीनं लिहीन, नाई तं नाई लिहिनार. नाई म्हटलं तं तुमच्यावर जबरदस्ती नाई. उद्या माह्यावर फसवनुकीचा शिक्का बसंल, तेवढंच."

तिच्यासोबत आलेल्या ऋषिकेशने कपाळावर हात मारला. हातात आलेला पुरावा कुणी असा परत वाटतं का? पण सरिताला दुसरं काही करताच आलं नसतं. गोठ्यात राखीला सुनावलेलं ती स्वतः गिळू शकत नव्हती.

"माह्यं लिहा," गुलाबसिंग म्हणाला. बाकी सगळे दौलतरावांकडे पाहत होते. दौलतरावांनी हो म्हटलं, तर तीन तालुक्यांत त्यांचं हसं होणार होतं. नाही म्हटलं, तर मालेगावची वाट मोकळी होती, आणि ही गोष्ट अंगणातच पुरली गेली असती.

"हरीओम," दौलतराव म्हणाले, "टपावरची खोकी उतरव."

"काकाजी, हजार लोकं..."

"उतरव म्हटलं ना!" मग ते राखीकडे वळले. "तू मले फसवलं. हे मी जल्मभर इसरनार नाई. अन् उद्यापासून माही गोळी माह्या ताटात वाढ. ज्याले पाह्यजे त्यानं घ्यावी, नसंल पाह्यजे त्यानं सिस्टरच्या तोंडावर नाई म्हनावं. आनखी एक. ते मेडिकलचं काय कागदपत्र लागते ते काढून ठेव."

राखी तेव्हा रडली. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

दौलतरावांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि सरितापुढे हात पसरला. "लावा तुमच्या साहेबाले फोन. आवाज मोठा करा, समद्याइले ऐकू येऊ द्या."

रविवार सकाळ असूनही मुळावकर सरांनी फोन उचलला. "हां, सरिता. झाली का सही?"

"सरिता नोहे, मेडशीहून दौलतराव बोलून राह्यलो!" अंगणभर आवाज घुमला. "तुमी ह्या पोरीले सही मांगता म्हने. ते सही भेटनार नाई. मी गावभर तोंडानं सांगत फिरलो का गोळी सोडली. ते तोंड चुकलं, सायेब. माह्या पोटानं खरी साक्ष देल्ली, अन् ह्या पोरीनं ते जशीच्या तशी तुमच्यापाशी पोचवली. अन् तुमी तिलेच चोर ठरवलं?"

"हे पाहा, हा शास्त्रीय विषय आहे. असा फोनवर..."

"मंग फोनवर नोका करू! उद्या तुमी सोता या. डबे घेऊन या. आमी समदे हितं अंगनात रांगेनं बसतो, तुमच्या डोळ्यासमोर देतो, अन् तुमीच तुमच्या हातानं भरून न्या. मंग तं भरोसा बसंल?"

रडणारी बाईसुद्धा फस्सकन हसली. मग अख्खं अंगण हसलं. राखी हसली, डोळे पुसत पुसत. सरिताने फोन आपल्या हातात घेतला.

"सर," ती म्हणाली, "किती वाजता येताय?"